तापली की गप्प

"आज पुन्हा?"

"पुन्हा हो, वहिनी. मारुती मंदिरच्या चौकात, भर अकरा वाजता. मागून रिक्षावाले बोंबलतायत, ह्यांच्या कपाळावर घाम, आणि ती आपली ढिम्म."

माईंनी सुपातले उडीद नको तितक्या जोरात पाखडले. चार दाणे गडग्याच्या अलीकडे आमच्या आगरात येऊन पडले. मी ते उचलायला गेले नाही, कारण विषय उडदाचा नव्हता. विषय नानांच्या गाडीचा होता, आणि त्या विषयावर रत्नागिरीच्या पाच-सहा मैलांच्या परिसरात माझ्याएवढी माहिती कोणाकडे नाही. माझी पडवी नानांच्या फाटकासमोर आहे, मला झोप कमी आहे आणि कान शाबूत आहेत.

गाडी कुठल्या कंपनीची ते मी सांगणार नाही. वीस-बावीस वर्षं चाकरी केलेल्या गाडीचं म्हातारपणी चारचौघांत नाव कशाला खराब करा! पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची, चौघं बसतील आणि पाचवा बसला तर कुरकुरेल इतकी. पंधरा वर्षं झाली तेव्हा नानांनी तिला आरटीओत नेऊन, पर्यावरण कर भरून नव्याने नोंदवून आणली. पाच वर्षांनी पुन्हा तेच केलं. पुण्याचा मुलगा दर दिवाळीला म्हणतो, "बाबा, विका आता." नाना दर दिवाळीला म्हणतात, "आधी मला वीक."

दुखणं असं, की चावी फिरवली तर डॅशबोर्डावरचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फ मात्र फिरत नाही. कधी आत कुठेतरी बारीक 'टक्' होतं, कधी तेवढंही नाही. मग पाव-अर्ध्या तासाने, कोणीतरी काहीतरी केल्यावर, काही झालंच नाही अशा थाटात ती सुरू होते. ते 'कोणीतरी काहीतरी' हाच सगळा घोळ आहे, म्हणून जरा सुरुवातीपासून सांगते.

पहिल्यांदा ती रुसली शिमग्याच्या सुमाराला. नाना औषधं घेऊन दुकानातून बाहेर आले तर 'टक्'. शेजारच्या पानवाल्याने तिथूनच निदान केलं, "बॅटरी गेली, काका." धक्का मारून गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला हजर. त्याने मीटर काढलं नाही, टर्मिनल हलवून बघितलं नाही, बॅटरीवर नानांनी मार्करने लिहिलेली तारीख वाचली आणि म्हणाला, "साडेतीन वर्षं झाली की हो. भरपूर चालली." नवी बॅटरी बसली, जुनी त्याने बदलीत नेली, चार पैसे कमी केले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"बघा, बॅटरीच होती," माई मला गडग्यावरून म्हणाल्या होत्या.

आमच्या ह्यांनी पडवीतून वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "जुनीचे व्होल्ट किती होते?"

ह्यांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कोणाची गाडी बंद पडली असं ऐकलं की त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मीटरचा खटका फिरवल्यासारखी हलतात. त्यांचं म्हणणं असं, की रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धीमुर्धी, १२च्या खाली म्हणजे उपाशी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. आणि इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये दिसलं, की अल्टरनेटर आपलं काम करतोय. मीटर तीन-चारशे रुपयांना मिळतं. "बॅटरी पाच हजारांची आणि मोजायचा आळस," हे पुटपुटले. पण ते पुटपुटतात तेव्हा नानांना ऐकू जात नाही, आणि नानांना ऐकू जाईल असं बोलायचं म्हणजे भांडण.

वैशाखात ती पुन्हा रुसली, नव्या बॅटरीसकट. आता नानांचं स्वतःचं वैद्यक सुरू झालं. नाना मुंबईला नोकरीत असताना त्यांच्याकडे फियाट होती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची ती पद्मिनी. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या कायमच्या गेल्या, त्या रात्री नाना एक भाकरी कमी जेवले असं माई सांगतात. तर मे महिन्यात ती फियाट घेऊन गावी येताना कशेडी घाटात हमखास थांबायची, आणि नाना पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे. पेट्रोल पंप म्हणजे रस्त्यावरचा नव्हे, इंजिनाला चिकटलेला तो छोटा पंप. घाट चढून इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप नुसती वाफ ढकलत बसायचा, कार्बोरेटर कोरडा. फडक्याने गार केलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल. शंभर नंबरी इलाज, त्या गाडीला.

या गाडीत पंप मागे, टाकीच्या आत पेट्रोलात बुडालेला. चावी अर्धी फिरवली की दोन सेकंद मागून 'झूं' असा आवाज येतो, तो त्याचा. नळीत दाब इतका, की वाफ सहसा होतच नाही. मग नानांनी ओलं फडकं ठेवलं कुठे? बॅटरीवर! भर चौकात बॉनेट उघडून, बॅटरीवर ओला पंचा घालून, नाना पंधरा मिनिटं उभे राहिले. आणि गाडी सुरू झाली.

"आता बोला," नाना म्हणाले. कोण काय बोलणार?

माईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं. नारळ ठेवून बाहेर आल्या, तर देवळाच्या पायरीशी बंद पडलेली गाडी सुरू झाली. पुण्याच्या मुलाने फोनवरून सांगितलं, "बाबा, चावी काढून, पुसून परत घाला." तेही लागू पडलं. वाडीतल्या पोरांनी सेल्फवर पान्याने दोन टोले हाणले, तेही लागू पडलं. हे टोले मारायचं अगदीच खूळ नाही बरं का. आतले कार्बन झिजले किंवा अडकले, की टोल्याने हलतात आणि सेल्फ एकदा फिरतो. पण मला त्याच वेळी खटकलं होतं, की या गाडीला सगळंच कसं लागू पडतं? आमच्या वाडीत इतक्या गुणाचा एकही डॉक्टर नाही.

मग मेस्त्री. मेस्त्री गरीब माणूस, हात स्वच्छ, तोंड बंद. त्याचा दोष मला दिसत नाही. गाडी त्याच्याकडे नेली सकाळी, गार असताना. तिथे सावलीत दुपारपर्यंत उभी. तो चावी फिरवतो, गाडी सुरू. पुन्हा फिरवतो, पुन्हा सुरू. "नाना, दुखत असताना आणा ना," तो म्हणाला. दुखत असताना ती जागची हलत नाही, मग आणणार कशी! शेवटी त्याने सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले, आत वंगण केलं, टर्मिनलांवरची पांढरी-हिरवी पूड सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, वर व्हॅसलीन लावलं. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज गळतात, तिथे टर्मिनलांचं काय! इंजिनाकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही त्याने घासून कसली. सगळी कामं योग्य, पैसेही रास्त.

हे झालं मृगाच्या तोंडावर. पाऊस लागला आणि गाडी सुधारली. आषाढ, श्रावण, गणपती, एकदाही तक्रार नाही. गणपतीत पुण्याची मंडळी आली, गाडी दिवसातून तीनदा बाजारात. नाना मेस्त्रीचं नाव घेताना हात जोडायचे.

मग पाऊस गेला, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला आणि ती पुन्हा गप्प. आणि आज मारुती मंदिर.

"मला तर वाटतं, वहिनी, ती माणसं बघून रुसते," माई म्हणाल्या. "मी बरोबर असले की हमखास."

"तुम्ही बरोबर असता तेव्हा किती ठिकाणी थांबते गाडी?"

"म्हणजे?"

"नाना एकटे असले की दूध, पेपर, घर. तुम्ही असलात की आधी बँक, मग वाणी, मग फुलवाली, मग बहिणीकडे पाच मिनिटं."

माईंनी सूप खाली ठेवलं. त्यांना आधी वाटलं मी टोमणा मारला. थोडा होताच. पण मला खरंच विचारायचं होतं, कारण नानांची गाडी किती वाजता बाहेर पडते आणि कधी आणि कशी परत येते, हे सगळं माझ्या डोक्यात नोंदलेलं आहे. म्हटलं, "माई, सकाळी घरून निघताना कधी अडली ती? आठवा."

"सकाळी? ... नाही. कधीच नाही."

"पावसात?"

"नाही."

"बहिणीकडे जेवायला गेलात, दोन-तीन तास थांबलात, तेव्हा?"

"नाही हो. तिथून सुरळीत."

"आणि फुलवालीकडे नाना गाडीत बसून असतात, तुम्ही पुडी घेऊन लगेच येता, तेव्हा?"

"तेव्हाही नाही." माई आता माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. "वहिनी, तुम्ही आमच्या मागे फिरता की काय?"

"मग कधी अडते?"

"औषधाच्या दुकानातून आलो तेव्हा. बँकेतून आलो तेव्हा. आज भाजी घेऊन."

"दहा-पंधरा मिनिटं थांबून आलात की."

पडवीत वर्तमानपत्र खाली आलं. हे चपला घालून गडग्यापर्यंत आले, म्हणजे बघा! नळ गळतो म्हणून बोलावलं तर हे एवढे लवकर येत नाहीत.

"माई, दिवे लावून चावी फिरवली कधी? हेडलाइट?"

"भाऊजी, दिवसाढवळ्या दिवे कशाला लावू?"

"चावी फिरवली की हेडलाइट मंदावले, तर बॅटरी नाहीतर टर्मिनल. अगदीच विझले तर टर्मिनल सैल. पण दिवे लख्ख तसेच राहिले आणि सेल्फ गप्प, तर बॅटरीकडे वीज आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाहीये. आणि सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, असं होतं का?"

"बंद म्हणजे बंद! त्यात प्रकार असतात?"

असतात. आणि ह्यांच्या मते निम्मे लोक तिथेच चुकीच्या दुकानात जातात. माझ्या भावाची गाडीही तापली की अडायची, पण तिचा सेल्फ फिरायचा, घुर्र घुर्र करायचा, इंजिन काही पकडायचं नाही. तिथे सेल्फचा संबंधच नव्हता. क्रँकचा सेन्सर तापला की मुका व्हायचा, मग ठिणगी कधी टाकायची ते गाडीच्या मेंदूला कळायचं नाही, आणि गार झाला की पुन्हा बोलायचा. पलीकडच्या वाडीतल्या मास्तरांची गाडी चार दिवस उभी राहिली की मरायची. भाच्याने हौसेने बसवलेला टेप चावी काढली तरी आत जागा राहून वीज प्यायचा. एकाच्या वायरी उंदराने खाल्ल्या होत्या. या सगळ्यांनी वाडीत एकच वाक्य सांगितलं, "गाडी चालू होत नाही." ह्यांनी माईंना हे सगळं सविस्तर सांगितलं. मध्येच ते १९१२ सालात गेले, चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसाने विजेचा सेल्फ तयार केला आणि तो त्या साली पहिल्यांदा कॅडिलॅक गाडीवर आला, त्याआधी हँडल मारताना लोकांचे हात कसे मोडायचे, इथपर्यंत. मी खुणा केल्या. माई मात्र तल्लीन. त्यांच्या घरी एवढं समजावून कोणी सांगत नाही.

ठरलं असं, की गाडी मुद्दाम बंद पाडायची.

नानांना पटवायला दोन दिवस गेले. "चालू करायची सोडून बंद पाडायची? हे कसलं तुमचं शास्त्र?" पण शेवटी भर दुपारी नाना आणि हे हातखंब्याला जाऊन, तिठ्यावर चहा पिऊन आले. येताना मुद्दाम खालच्या गिअरमध्ये, इंजिन तापवत. फाटकात गाडी उभी केली, बॉनेट बंदच ठेवलं. इंजिन बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं, समोरून वारा लागत नाही, पण लोखंड तापलेलंच असतं. त्यामुळे बॉनेटखालची धग सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं कमी व्हायच्या ऐवजी वाढते. सेल्फ बसलेला खाली, इंजिनाला चिकटून, तो शेकत राहतो. म्हणून लगेच चावी मारली तर सुरू, दोन तासांनी मारली तर सुरू, आणि माईंची बँक आटपेपर्यंतच्या वेळात बंद. मधल्या वेळात माईंनी कोकम सरबत दिलं. वाडीतली पोरं धक्का मारायच्या तयारीने गोळा झाली, कारण धक्क्यामागे कुल्फी ठरलेली.

बारा-तेरा मिनिटांनी नानांनी चावी फिरवली. 'टक्.'

गाडी सुरू झाली नाही म्हणून आमच्या वाडीत टाळ्या वाजल्याचा हा पहिलाच प्रसंग.

"कोणी काही करू नका!" हे ओरडले. नाना पंचा भिजवायला निघालेच होते, त्यांना थांबवलं. हा क्षण महिनोन्‌महिने कोणी थांबून बघितलाच नव्हता. ज्याला त्याला गाडी सुरू करायची घाई. बॉनेट उघडलं, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर. बॅटरीवर मीटर लावलं, साडेबारा. नानांनी चावी धरून ठेवली, तरी साडेबाराच्या आसपास. म्हणजे बॅटरीवर भारच येत नव्हता. छोट्या गाडीचा सेल्फ फिरताना शंभराच्या पुढे अँपिअर ओढतो, तो ओढत असता तर व्होल्ट दहा-अकरावर उतरले असते. अर्थिंग बघितलं, ठीक.

मग ह्यांनी मीटरची लाल सळई सेल्फवरच्या बारीक वायरीला लावली.

ही बारीक वायर या गोष्टीतली खरी मानकरी. सेल्फला दोन वायरी येतात. एक जाड, बोटाएवढी, थेट बॅटरीकडून, सेल्फ फिरवायची ताकद आणणारी. दुसरी बारीक, चावीकडून येणारी, नुसता हुकूम आणणारी. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो. हुकूम आला की त्यातली तांब्याची गुंडाळी चुंबक होते, आतला दट्ट्या ओढते, दट्ट्या सेल्फचा दात इंजिनाच्या दातात अडकवतो आणि जाड वायरीचा रस्ता जोडतो. हुकूम म्हटलं तरी त्या गुंडाळीलाही दट्ट्या ओढताना दहा-पंधरा अँपिअर, कधी त्याहून जास्त लागतात. आणि ते सगळे येणार बॅटरीपासून डॅशबोर्डाखाली, चावीच्या मागच्या स्विचमधून, दोन-तीन कपलरांमधून, वीस वर्षं जुन्या वायरीतून.

बारीक वायरीवर मीटर दाखवत होतं साडेसात.

"साडेबारातले पाच व्होल्ट गेले कुठे?" नानांनी विचारलं. हिशोबाच्या खात्यात नोकरी झालेली, फरक आला की त्यांना चैन पडत नाही.

ह्यांनी डॅशबोर्डाखाली हात घातला. चावीमागचा स्विच हाताला कोमट लागत होता. व्होल्ट तिथे सांडत होते, झिजलेल्या ठिपक्यांवर, आणि थोडे थोडे प्रत्येक कपलरात. गार असताना साडेसात-आठ व्होल्टांतही दट्ट्या कसाबसा ओढला जायचा. पण तांबं तापलं की दर अंशाला त्याचा अडथळा सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. गुंडाळी पन्नास-साठ अंशांनी तापली, की तोच अडथळा वीस टक्क्यांच्या वर गेला. तितकी वीज कमी, तितकं चुंबक लेचंपेचं, दट्ट्या अर्ध्यात अडतो. 'टक्.' गार झाली की पुन्हा जेमतेम जमतं. मेस्त्रीने सेल्फ उघडून साफ केला तेव्हा दट्ट्या थोडा हलका सरकायला लागला, त्यात पाऊस पडला, म्हणून चार महिने निभावलं.

म्हणजे ओल्या पंचाने काही केलं नव्हतं. नारळाने, चावी पुसण्याने, नव्या बॅटरीनेही नाही. गाडी प्रत्येक वेळी आपली आपण गार झाली होती, आणि त्या पंधरा मिनिटांत जो कोणी जे काही करत होता त्याच्या नावावर गुण जमा झाला. नाना हे ऐकून बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिले. नारळाचं तेवढं माईंनी मान्य केलं नाही. "देवीने भाऊजींना बुद्धी दिली ती कशामुळे?" यावर हे गप्प बसले, मीही.

खात्रीसाठी ह्यांनी बॅटरीच्या लाल टर्मिनलवरून एक वायर घेतली आणि तिचं टोक सोलेनॉइडच्या त्या बारीक वायरीच्या खिळ्याला टेकवलं. सेल्फ असा फिरला, की पोरं मागे सरली आणि कुल्फी गेली म्हणून चेहरे पडले. हा प्रयोग करायचा तर गाडी गिअरमध्ये नको, नाहीतर ती अंगावर येते. नानांना तो उद्योग स्वतः करायचा होता, माईंनी हात धरला.

इलाज निघाला दोनशे-अडीचशे रुपयांचा. रिले. काळी डबी, खाली चार पाय, त्यांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे. ३०ला बॅटरीकडून फ्यूज घालून जाडशी वायर, ८७वरून सोलेनॉइडला. ८५ला अर्थिंग आणि ८६ला ती चावीकडून येणारी म्हातारी बारीक वायर. आता चावीतून रिलेपुरती वीज जाते, पाव अँपिअरही नाही. माईंना ते कळेना तेव्हा ह्यांनी सांगितलं, "सरपंचाने स्वतः विहिरीवर जाऊन घागरी ओढायच्या की गड्याला हाक मारायची? चावी आता नुसती हाक मारते."

"आणि आधी?"

"आधी पंच्याऐंशीव्या वर्षी घागरी ओढत होती."

चावीचा स्विच बदलला असता तरी भागलं असतं. पण इतक्या जुन्या गाडीचा चांगला स्विच मिळवायला कोल्हापूरपर्यंत फोनाफोनी करायची, आणि तो मिळाला तरी वाटेतले कपलर जुनेच राहणार. रिलेने दोन्हीची चिंता मिटली. मेस्त्रीने स्वतः येऊन वायरी नीट बांधून दिल्या, पाणी लागणार नाही अशा जागी डबी कसली, आणि ह्यांच्याकडून कागदावर आकृती काढून घेतली. त्याच्याकडे म्हणे अजून एक असंच गिऱ्हाईक आहे, त्याचं दोनदा सेल्फचं काम झालंय. ह्यांनी आकृती दिली, पण आधी त्याला विचारलं, "त्याची सकाळी अडते की दुपारी?" मेस्त्रीला ते ठाऊक नव्हतं. विचारून येतो म्हणाला.

त्यानंतर मुद्दाम तापवून, थांबवून, पुन्हा पुन्हा चावी मारून झाली. हातखंब्याच्या चहावाल्याला नानांचं नाव तोंडपाठ झालंय. गाडी सुरू होते. नाना आता वाडीत सांगत फिरतात, की त्यांना पहिल्या दिवसापासून वायरिंगचाच संशय होता. हे ऐकून घेतात. पुण्याच्या मुलाने फोनवर विचारलं, "मग आता विकणार नाही ना?" नाना म्हणाले, "आत्ता तर नवी झालीय."

काल माई पुन्हा गडग्याशी आल्या. सूप नव्हतं, म्हणजे बातमी मोठी. आधी इकडेतिकडे बघितलं.

"वहिनी, आपली बॅटरी तर चांगली होती ना? ती पहिली?"

"होती, असं हे म्हणतात. वाईट असल्याचं कोणी मोजलंच नाही."

"कोणाला बोलू नका हं. ती त्या बॅटरीवाल्याच्या मेव्हण्याकडे आहे. त्याची ती जुनी व्हॅन, मागची सीट काढून मासळीचे टब ठेवतो बघा, तिच्यात. आमच्या दूधवाल्याच्या पोराने स्वतः बघितलं. वर ह्यांच्या अक्षरात तारीख आहे अजून."

"आणि होते का सुरू, ती व्हॅन?"

"रोज पहाटे चार वाजता," माई म्हणाल्या, "पहिल्या झटक्यात, मेली!"